‘वेबसाइटवर येणाऱ्यांची गिऱ्हाइकं करून देतो’ म्हणून माझे १,१४,३७० रुपये घेतले

शेडची, फॅब्रिकेशनची, वॉटरप्रूफिंगची कामं करणाऱ्या सगळ्या भावांनी हे वाचा. लाजेपायी चार महिने गप्प होतो. गेल्या आठवड्यात मला फसवणाऱ्या त्याच एजन्सीचा फोन माझ्या ओळखीच्या एका फॅब्रिकेटरला आला, तेव्हा मात्र राहवेना.

मी गेली सोळा वर्षं गच्चीवरच्या पत्र्याच्या शेड करतो. चिपळूण, खेड, दापोली, गुहागर हा माझा पट्टा. आमचा सीझन शिमगा ते मृग, बास. चाकरमानी शिमग्याला गावी येतात, गळकी गच्ची, फुटकी कौलं बघतात, मुंबईला जाऊन मोबाइलवर शोधाशोध करतात आणि मे महिन्यात काम करून घेतात. म्हणून पुतण्याकडून साधी वेबसाइट करून घेतली होती. टेम्पोच्या मागेही तिचं नाव रंगवलं होतं.

फेब्रुवारीत फोन आला. ‘सर, तुमच्या वेबसाइटवर महिन्याला चारशे लोक येतात आणि न विचारता निघून जातात. आम्ही त्यांना तुमच्या व्हॉट्सअॅपवर आणून देतो.’ पुढचा धंदा तुम्हाला माहीत आहेच: आधी गोड बोलणं, मग ‘ऑफर आजच संपते’. पण त्याने काढलेल्या चुका खऱ्या होत्या. माझा फोन नंबर पानाच्या अगदी तळाशी होता, केलेल्या कामांचे फोटो नव्हते, चौरस फुटाला साधारण किती पडेल याचा अंदाज नव्हता. माणूस आपल्या कामातली खरी खोट दाखवतो तेव्हा त्याच्यावर विश्वास बसतो. माझा बसला, आणि कुणाचाही बसला असता.

नवीन पान बनवायला १८,००० आणि जीएसटी, म्हणजे २१,२४०. चॅटचा डबा बसवायला ८,५०० आणि जीएसटी, म्हणजे १०,०३०. महिन्याची फी जीएसटी धरून १७,७०० प्रमाणे तीन महिन्यांचे ५३,१००. शिवाय गूगलवरच्या जाहिरातीसाठी दरमहा १०,००० असे ३०,०००, आणि या तीस हजारांचं बिल आजपर्यंत मिळालेलं नाही. जाहिरातीचे पैसे एजन्सीच्या हातात कधीच देऊ नका. खातं आपल्या नावाने उघडायचं, कार्ड आपलं जोडायचं, त्यांना फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्यायचा. मग गूगलचं बिल थेट आपल्याला दिसतं.

पहिल्या महिन्यात २६ लीड आल्या, म्हणजे काम हवं असलेल्या लोकांची नावं आणि नंबर. घरात पेढे वाटले मी.

मग फोन लावायला बसलो. एक नंबर बंद, दुसरा अस्तित्वात नाही. एक बाई म्हणाल्या, ‘अहो दादा, मी चौथ्या मजल्यावर भाड्याने राहते, मला कशाला पत्रा?’ त्यांनी फुकट रिचार्जसाठी कुठेतरी नंबर टाकला होता. दापोलीजवळच्या एका पत्त्यावर तर मोजमाप घ्यायला शिडी, टेप आणि एक पोऱ्या घेऊन गेलो. घराला कुलूप, अंगणात गुडघाभर पातेरा. शेजाऱ्यांकडून मालकाचा मुंबईचा नंबर मिळवला, तर त्यांनी माझं नावही कधी ऐकलेलं नव्हतं. ऐन एप्रिलमधला एक दिवस गेला, डिझेल आणि मजुरी वेगळी.

तरीही मी दुसऱ्या महिन्याचे पैसे भरले. का भरले ते सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. एप्रिलमध्ये त्यांनी रिपोर्ट पाठवला होता. वेबसाइटवर कुठून किती लोक आले याचा तक्ता. पहिल्या नंबरवर मुंबई नाही, ठाणे नाही, चिपळूण नाही. अॅशबर्न! मी विचारलं, हे कुठलं गाव? पलीकडून तयार उत्तर आलं, ‘सर, अमेरिका. तिकडची मराठी माणसं गावचं घर दुरुस्त करायला बघतायत.’ आणि मला ते पटलं. कारण दोन वर्षांपूर्वी गुहागरकडच्या एका आजींच्या घराची शेड मी केली होती आणि पैसे त्यांच्या अमेरिकेतल्या मुलाने पाठवले होते. त्याच रांगेत पुढे ‘सरासरी वेळ: ० सेकंद’ असं लिहिलेलं होतं. तो शून्य मी माझ्या डोळ्यांनी वाचला. शून्य सेकंदात कोण घराच्या छपराचा विचार करतो? कागद घडी करून खिशात ठेवला आणि कामावर गेलो. ती संध्याकाळ आठवली की अजून झोप उडते.

भाची इंजिनिअरिंगला आहे. मे महिन्यात सुट्टीला आली, तिने तो कागद एकदा बघितला आणि म्हणाली, ‘मामा, अॅशबर्नला मोठमोठी डेटा सेंटर आहेत. ही माणसं नाहीत, मशीनं आहेत.’ गूगलचं एक जाहीर पान आहे, अॅड्स ट्रान्सपरन्सी सेंटर. कोणत्या वेबसाइटच्या कोणत्या जाहिराती चालल्या ते तिथे कुणालाही बघता येतं. आमच्या नावाने एकही सापडली नाही. मग बिलावरचा जीएसटी नंबर तिने पोर्टलवर टाकला. नोंदणी आदल्या वर्षीच रद्द! म्हणजे माझ्याकडून जीएसटी म्हणून घेतलेले १२,८७० रुपयेही खिशातच घातले. पैसे देण्याआधी हा नंबर तपासा. दोन मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत.

तीन महिन्यांचा हिशोब: एकूण ६३ लीड. २२ नंबर बंद, १७ जणांनी फॉर्म भरलाच नव्हता, ९ लखनौ-इंदूरकडचे, ६ पत्रा विकणारेच, ५ जणांना हेल्परची नोकरी हवी होती. खरे चार. त्या चौघांची नावं त्याच दिवशी खेडच्या एका फॅब्रिकेटरलाही विकली होती, हे त्यानेच मला सांगितलं. काम एकच मिळालं, आणि तो माणूस माझ्या जुन्या गिऱ्हाइकाचा चुलतभाऊ निघाला. तो तसाही आलाच असता.

आता पोलिसांचं. ठाण्यात तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा ‘हे सायबरचं आहे, तिकडे जा’. सायबरवाले म्हणाले, तुम्ही स्वतः बिल बघून पैसे दिलेत, तुमच्या ठाण्यात जा. तिसऱ्यांदा हवालदार म्हणाले, ‘अहो मिस्त्री, त्यांनी वेबसाइट करून दिली ना? मग फसवणूक कसली? हे दिवाणी आहे.’ मी रद्द झालेल्या जीएसटीचा कागद पुढे ठेवला, ६३ नंबरांची यादी ठेवली. त्यांनी यादी उलटीसुद्धा करून बघितली नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? मग ते कुणासाठी लिहिलंय? एका कागदावर पोच द्या म्हटलं तर शिक्का सापडेना. दिवसाची मजुरी बुडवून माणूस दारात येतो आणि त्याला वेड्यात काढून परत पाठवतात. चोराने फसवलं त्याचा राग एकदाच आला, यांचा तीनदा आला.

ग्राहक तक्रारीबद्दल विचारलं तिथे ‘धंद्यासाठी घेतलेली सेवा बसत नाही’ म्हणून वाटेला लावलं. हे अर्धवट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगाराने केवळ पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंना सूट आहे; सेवेचं तिथे स्पष्ट लिहिलेलं नाही, तरी दाद मागून बघणार आहे. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला आयोगाची फी नाही. त्यामुळे तिथले कागद मी आता स्वतः तयार करतोय. पैसे गेल्याबरोबर कळलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा. मला कळायलाच तीन महिने गेले. व्हॉट्सअॅपचे मेसेज पुसू नका. तीन महिन्यांचे पैसे एकदम मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आणि डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या नावाचा, पासवर्ड कुणालाही देऊ नका. नवीन पान चढवायचंय म्हणून त्यांनी मागितला आणि मी ओटीपीसकट दिला. आज ते नाव त्यांच्या ताब्यात आहे. वेबसाइट चालू आहे, गुहागरच्या त्या घराचा मी काढलेला फोटोही आहे, पण खाली नंबर दुसऱ्याच कुणाचा. टेम्पोवरचं नाव मी रविवारी काळ्या रंगाने पुसून टाकलं. जुन्या पावतीवर किंवा कुठल्या बोर्डावर माझी वेबसाइट दिसली, तर कृपा करून त्यावरच्या नंबरला फोन करू नका आणि अॅडव्हान्स तर अजिबात देऊ नका.