₹, ॲ, ॥ आणि लिबरऑफिस राइटर: दिवाळीपासून वापरून

इंदूरला राजेंद्र नगरात घरूनच डीटीपीची, म्हणजे छपाईसाठी मजकूर मांडून देण्याची, कामं करतो. मराठी कामं म्हणजे लग्नामुंजीच्या पत्रिका, मंडळाच्या पावत्या, एखादी स्मरणिका. दिवाळीपासून ही सगळी राइटरवर, म्हणजे लिबरऑफिसच्या मोफत लेखन-प्रोग्रॅमवर आणली.

इन्सर्ट मेनूत ‘स्पेशल कॅरेक्टर’ उघडलं की तक्ता येतो. २०१८ च्या ६.० आवृत्तीपासून त्यात नावाने शोधता येतं, पण नाव इंग्रजीत टाकावं लागतं. ‘रुपी’ शोधलं तर आधीचं ₨ सुद्धा समोर येतं. आपल्याला हवं ते २०१० साली ठरलेलं ₹, म्हणजे ‘इंडियन रुपी साइन’. घाईत लोक भलतंच उचलतात. एकदा राइट क्लिक करून फेव्हरिटमध्ये टाका, शोधाशोध संपते.

मला मात्र तक्त्यापेक्षा ऑल्ट-एक्स जास्त आवडलं. चिन्हाचा कोड (युनिकोडमधला त्याचा क्रमांक) टाइप करायचा, ऑल्ट-एक्स दाबायचं, चिन्ह हजर. आमच्याकडे बहुतेक कॉम्प्युटरवर हिंदी इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी टायपिंगचा एक कीबोर्ड, असतो. त्यात ऱ्य सहज होतो, कारण ऱ शिफ्ट-जे वर आहे. अडतं ते ‘ॲड्व्होकेट’पाशी. शिफ्ट-१ दाबलं की ‘ऍ’ उमटतो, आणि वकीलसाहेबांच्या पत्रिकेवर तो छापायचा म्हणजे लाजच. काही जण अ टाकून वर चंद्र चढवतात. दिसायला ठीक, पण आत दोन अक्षरं राहतात आणि शोधताना शब्द सापडत नाही. त्यापेक्षा ॲ चा कोड ०९७२ लिहून ऑल्ट-एक्स दाबा. कोड इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका. आकड्याला चिकटून चिन्ह हवं असेल, जसं ४२°, तर कोडाआधी ‘यू+’ लावा, नाहीतर ४२ सुद्धा कोडात ओढला जातो.

ऑटोकरेक्टमध्ये, म्हणजे टाइप केलेलं आपोआप बदलणाऱ्या सोयीत, स्वतःची संक्षिप्त रूपं भरता येतात, पण यादी भाषेनुसार वेगळी असते. इंग्रजीच्या यादीत भरलेलं मराठी मजकुरात चालत नाही. मराठीच्या यादीत भरा, नाहीतर ‘सर्व भाषा’ निवडा.

प्रेसला फाइल कधीच राइटरची पाठवू नका. तिथे फाँट नसला की आपली मांडणी बिघडते, चिन्हांच्या जागी चौकोन दिसतात. पीडीएफ करून द्या, फाँट आतच जातो.

स्वस्तिक मी अजून चित्र म्हणूनच लावतो. तक्त्यात ते चिनी आणि तिबेटी अक्षरांच्या गटांत मिळतं, पण येतं दुसऱ्याच फाँटातून, आणि ॥ श्री ॥ च्या शेजारी त्याची जाडी काही केल्या जुळत नाही.