सीसीटीव्ही बसवून घेताय? रेकॉर्डर कोणाच्या खात्यावर आहे ते आधी बघा

मोबाईलवर चित्र दिसलं की लोक उरलेले पैसे देऊन मोकळे होतात. घोळ तिथेच असतो. फिटिंगवाला रेकॉर्डर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा डबा, स्वतःच्या ॲप-खात्यावर नोंदवतो आणि तुम्हाला नुसता शेअर करतो. वर्षभराने 'रिमोट व्ह्यूइंगचं रिन्युअल' मागतो, नाही दिलं तर शेअर बंद. बहुतेक कंपन्यांच्या ॲपवर साधं लाइव्ह बघणं फुकट असतं, पैसे लागतात ते क्लाउड स्टोरेजला. शिवाय तुमचे कॅमेरे तोही बघू शकतो, ते वेगळंच.

ॲपमध्ये डिव्हाइसच्या नावाखाली 'शेअर्ड' दिसलं, किंवा दुसऱ्याला शेअर करायचा पर्यायच नसला, तर खातं त्याचं आहे असं समजा. रीसेट मारून सुटका होईलच असं नाही, कारण ही नोंद बऱ्याचदा कंपनीच्या सर्व्हरवर असते. त्याच्याकडूनच अनबाइंड करून, म्हणजे त्याच्या खात्यातून काढून घ्यावं लागतं, नाहीतर बिल आणि सिरियल नंबर घेऊन कंपनीच्या मागे लागावं लागतं. म्हणून बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. शेवटचा हप्ता देण्याआधी रेकॉर्डरचा क्यूआर कोड स्वतःच्या फोनवरून स्कॅन करा आणि ॲडमिन पासवर्ड स्वतः टाका.

वायरीतही मारतात. शुद्ध तांबं सांगून सीसीए देतात, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. टोक ब्लेडने खरवडलं की आत पांढरं दिसतं. दिवसा सगळं सुरळीत चालतं. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा जास्त करंट ओढतो, लांबच्या वायरीत व्होल्टेज पडतं आणि तो सारखा रीस्टार्ट होतो. मग 'कॅमेराच गेलाय' म्हणत नवा गळ्यात मारतात.

'महिनाभराचं रेकॉर्डिंग' हे आश्वासन कागदावर तपासा. 4 कॅमेरे, प्रत्येकी 4 एमबीपीएस बिटरेट (सेकंदाला साठणारा डेटा), चोवीस तास: दिवसाला सुमारे 173 जीबी. 2 टीबीची डिस्क जेमतेम 11 दिवस पुरते. महिना भरवायला गुपचूप बिटरेट उतरवतात, मग चेहरा ओळखू येत नाही. रेकॉर्डरमध्ये डिस्कची 'स्मार्ट' (S.M.A.R.T.) माहिती दिसते, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद; त्यात पॉवर-ऑन तास, म्हणजे ती एकूण किती तास चालली, तेही बघा. नव्या म्हणून दिलेल्या डिस्कवर हजारो तास असतील तर ती वापरलेली आहे.

ताबा घेताना राउटरची इंटरनेटची वायर काढा. रेकॉर्डरला जोडलेल्या मॉनिटरवर चित्र आणि रेकॉर्डिंग चालूच राहायला हवं. मग वायर लावा, फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर बघा. 'यासाठी स्टॅटिक आयपी (इंटरनेटचा न बदलणारा पत्ता) घ्यावाच लागेल' असं फिटिंगवाला म्हणाला, तर क्यूआर कोडने जोडलेल्या रेकॉर्डरला तो कशाला, हे विचारा.