इंजिन नंबर तोच होता

दुरुस्तीला दिलेलं इंजिन परत आलं तेव्हा मिस्त्रीने सगळ्यात आधी ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावरचा, नंबर दाखवला. फडक्याने पुसून, टॉर्च मारून. "कागद काढा दादा, ताडून बघा. तुमचंच इंजिन आहे." मी एकेक आकडा ताडून बघितला. सगळे जुळले. समाधानाने मी उरलेले पैसे मोजून दिले.

नंबर फक्त ब्लॉकवर असतो, आणि ब्लॉक माझाच होता. त्याच्या आत काय घातलंय आणि वर काय लावलंय ते कळायला मला पुढे तीन आठवडे लागले. घरी इंजिन उतरवून बाहेर कामाला देणारे बरेच जण असतात. त्यांनी हे देण्याआधी वाचावं म्हणून लिहितोय.

गाडी चार सिलिंडरची, कॉमन रेलची (सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी) डिझेल पिकअप. जुनी, पण कधी दगा न दिलेली. माल भरून चढ लागला की ती धापा टाकायला लागली आणि ॲक्सिलरेटर दाबला की मागे काळा धूर. ओळखीतल्या एकाने या मिस्त्रीचं नाव सांगितलं. डिझेलचीच कामं करतो, हात चांगला आहे म्हणाला. मिस्त्रीने गाडी चालवून बघितलीच नाही. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, भोकातून येणारी वाफ दाखवली, मग झाकण उलटं करून त्याच भोकावर ठेवलं. ते थडथडायला लागलं. "बॅक कंप्रेशन. रिंगा गेल्या. अजून चालवाल तर क्रँक पण जाईल." म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजून आतला वायू खाली निसटतोय, असं त्याचं म्हणणं.

हा झाकणाचा खेळ डोळ्यांसमोर झाला की कुणालाही पटतो. पण चालत्या डिझेल इंजिनात थोडी वाफ येतेच, नव्यातही येते. किती येते हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर कंप्रेशन गेजकडे असतं. हीटर प्लगच्या भोकात डिझेलचा गेज लावायचा, सेल्फ मारायचा, चारही सिलिंडरचे आकडे लिहून घ्यायचे. धडधाकट डिझेल साधारण २५ ते ३० बार मारतं, म्हणून पेट्रोलचा गेज इथे चालत नाही. आकडा एकट्याने फार सांगत नाही, चार आकड्यांमधली तफावत जास्त सांगते. अर्ध्या दिवसाचं काम. मी ते मागितलं नाही. खरं सांगायचं तर इंजिन स्वतः उतरवायची मला कधीपासूनची हौस होती, आणि हा माणूस मला तेच करायला सांगत होता.

"उतरवायची आणि चढवायची मजुरीच जड पडते. तुम्हाला पाना धरता येतो ना? मग घरी उतरवा, माझा माणूस येऊन घेऊन जाईल," तो म्हणाला. "फक्त एक करा. काही सुटं करू नका. टर्बो, इंजेक्टर, पंप, अल्टरनेटर, सगळं लागलेलंच राहू द्या. सुटं केलं की काहीतरी हरवतं."

किती काळजीने बोलला! घरी इंजिन उतरवणारा माणूस वजन कमी व्हावं म्हणून हेच सामान आधी काढतो. आणि इंजिनावर महाग जे काही असतं ते नेमकं हेच.

उतरवायला दोन दिवस लागले. मी आणि पुतण्या. एसीचा गॅस आधीच एसीवाल्याकडून मशिनने काढून घेतला होता. पाइप सोडून तो हवेत उडवायचा नसतो. बॅटरीची निगेटिव्ह पहिली. बॉनेट काढण्याआधी बिजागऱ्यांभोवती मार्करची रेघ, म्हणजे परत बसवताना दोन्हीकडची फट सारखी येते. मग कूलंट, ऑइल, रेडिएटर, इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारी जाळी). डिझेलची प्रत्येक नळी सोडली की लगेच टोपण. कॉमन रेलमधला दाब हजार-दीड हजार बारच्या घरात असतो आणि इंजेक्टरची आतली फट इतकी बारीक की डोळ्याला न दिसणारा कण तिथे वाळूसारखा घासतो.

पुतण्याने हार्नेसच्या (वायरिंगच्या जुडीच्या) प्रत्येक प्लगला टेपचा तुकडा लावून नंबर टाकले आणि काढण्याआधी प्रत्येकाचा फोटो घेतला. मला तो चक्क वेळकाढूपणा वाटत होता. "काका, परत लावताना हेच शोधत बसाल," तो म्हणाला. त्या फोटोंवर पुढे बरंच काही अवलंबून राहणार होतं, हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं.

इंटरकूलरचा एक होज काढला तर तो खालच्या बाजूने बोटभर चिरलेला, तेलाने माखलेला. मी म्हटलं, बसवताना नवा आणू. कोपऱ्यात भिरकावला. या होजकडे परत येतो.

बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागाच्या, वरच्या दोन बोल्टांनी जीव काढला. लांब एक्स्टेंशन, मागून हात, आरशात बघून पाना. गिअरबॉक्सखाली जॅक लावून ठेवला, नाहीतर इंजिन सुटल्यावर तो लोंबतो. क्रेन भाड्याने आणली होती. एक सांगून ठेवतो. क्रेनवर दोन टन लिहिलेलं असतं ते हात आखूड असताना. हात पूर्ण लांब केला की तीच क्रेन जेमतेम अर्ध्या टनाची उरते. आमचं इंजिन सगळ्या सामानासकट अडीचशे किलोच्या आसपास, त्यामुळे निभावलं. घराच्या तुळईला चेन ब्लॉक टांगून उतरवणारेही मी बघितलेत. ती तुळई छतासाठी घातलेली असते. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचमधून पूर्ण सुटेपर्यंत इंजिन सरळ पुढे ओढलं, मग नाक वर करून हळूहळू बाहेर. लटकत्या इंजिनाखाली दोघांपैकी कुणीही हात घातला नाही.

इंजिन जमिनीवर टायरवर टेकलं तेव्हा छाती फुगली होती. त्याच्या शेजारी उभं राहून फोटोही काढून घेतला. संध्याकाळी मिस्त्रीचा माणूस टेम्पो घेऊन आला. मी पावतीचं विचारलं तर म्हणाला, "मालकांचं तुमच्याशी बोलणं झालंय ना?" बोलणं झालं होतं. इंजिन गेलं. माझ्याकडे लेखी म्हणावं असं काही नव्हतं, एका मेसेजशिवाय: "इंजिन पाठवलंय." त्यावर त्याचा अंगठा.

आठ दिवसांनी पहिला फोन. क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याला, ओरखडे आहेत, ग्राइंड करून (घासून) पुढच्या साइजची बेअरिंग घालावी लागतील. चार दिवसांनी दुसरा. हेडला (ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाला) क्रॅक आहे. सोबत फोटो, दोन व्हॉल्व्हच्या मध्ये काळी बारीक रेघ. नंतर तिसरा. दर वेळी रक्कम वाढत गेली आणि शेवटी सुरुवातीला ठरलेल्याच्या दुप्पट झाली. नको म्हणायची सोय नव्हती. इंजिन त्याच्याकडे खोललेलं पडलेलं, गाडी माझ्या दारात पोकळ उभी. उघडलेलं इंजिन उचलून दुसऱ्याकडे न्यायचं म्हटलं तर दुसरा मिस्त्री हात लावत नाही, कारण कुठला नट कुणाकडे गेला याची जबाबदारी कोण घेणार? हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या हेडच्या फोटोत आजूबाजूला असं काहीच नव्हतं ज्यावरून ते माझं आहे हे ओळखावं. मी खूण केलेलीच नव्हती, तर ओळखणार कशावरून?

इंजिन आलं ते चकाचक रंगवून. आता वाटतं, तो रंग बघूनच सावध व्हायला हवं होतं. रंगाखाली जुना गॅस्केट गम, गळती, पान्याचे ओरखडे सगळं झाकलं जातं. पण समोर नंबर जुळत होता आणि मी भारावलेलो होतो.

बसवायला आम्हाला पाच दिवस लागले. हँड प्रायमरने डिझेल वर काढलं, सेल्फ मारला, इंजिन लागलं. आणि आयडलला हलायला लागलं, एक सिलिंडर अडखळतोय तसं. गार असताना पांढरा धूर, गरम झाल्यावर ठकठक. फोनवर मिस्त्री म्हणाला, "नवीन बोअर आहे, रन-इन होऊ द्या." मी हजार किलोमीटर रन-इन करत, म्हणजे नवे भाग एकमेकांत बसावेत म्हणून जपून चालवत, बसलो. तोवर ठकठक वाढली.

शेवटी स्कॅनरवाल्याला बोलावलं. त्याने ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर, वाचला आणि मला विचारलं, "इंजेक्टर बदललेत का? कोड टाकलेले नाहीत." कॉमन रेलच्या इंजेक्टरच्या डोक्यावर एक बारीक कोड कोरलेला असतो. प्रत्येक इंजेक्टर किंचित वेगळं डिझेल सोडतो, तो फरक त्या कोडमध्ये असतो, आणि ईसीएममध्ये सिलिंडरप्रमाणे तो भरलेला असतो. बॅटरी महिनाभर काढून ठेवली तरी तो पुसला जात नाही. माझ्या ईसीएममधले चार कोड एकीकडे आणि इंजिनावर बसलेल्या चार इंजेक्टरांवरचे चार दुसरीकडे. एकही जुळेना.

पुतण्याने फोन काढला. इंजेक्टरच्या प्लगचे त्याचे ते फोटो. मोठे करून बघितले तर प्लगच्या बाजूला कोड वाचता येत होते, चारही. ते ईसीएमशी जुळले. मिस्त्रीला इंजिन नेता आलं, पण ईसीएम गाडीतच राहिला होता.

मग आम्ही चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) खोललं आणि एका कनेक्टिंग रॉडची कॅप काढली. बेअरिंगच्या पाठीवर एसटीडी, म्हणजे स्टँडर्ड साइज, कोरलेलं. क्रँक खरंच ग्राइंड केला असता तर तिथे ०.२५ किंवा ०.५० असायला हवं होतं. ग्राइंड केलेल्या क्रँकला स्टँडर्ड बेअरिंग बसवलं तर ऑइलचा दाबच धरणार नाही. म्हणजे ज्या ग्राइंडिंगचे मी पैसे भरले ते झालंच नव्हतं. बेअरिंगही जुनंच, मधोमध तांबं उघडं पडलेलं. टर्बोच्या शाफ्टला ढिल्लाई होती, पण तो माझाच की बदललेला ते सिद्ध करता आलं नाही. त्याच्या प्लेटचा फोटो आमच्याकडे नव्हता. हेडचंही तेच.

त्याच स्कॅनवर एक जुना फॉल्टही निघाला: पी०२९९, टर्बोचा दाब कमी. इंजिन उतरवण्याच्या कितीतरी आधीचा. चिरलेल्या होजमधून हवा बाहेर, इंजिनाला हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून काळा धूर आणि चढावर धापा. होज अजून त्याच कोपऱ्यात पडलेला होता. पहिल्याच दिवशी हातात आला होता तो.

मी फोटो आणि स्कॅनचा कागद घेऊन मिस्त्रीकडे गेलो. आधी म्हणाला, नंबर तोच आहे ना? मग म्हणाला, "इंजिन तुम्ही घरी उतरवलंत. वाटेत काय झालं, कुणी काय काढलं, मला काय माहीत?" या वाक्यावर मी गप्प झालो. गॅरेजमध्ये गाडी चालत गेली असती तर निदान जॉब कार्ड असतं. मी त्याच्या हातात एक मुका लोखंडाचा गोळा दिला होता, तो चालू असताना कसा होता याचा साक्षीदारही मीच. त्या क्षणी कामाला आला तो अंगठा. फोटोंवर तारीख आणि वेळ होती, त्याच संध्याकाळी "इंजिन पाठवलंय" आणि खाली त्याचा अंगठा. तक्रार लिहून देतो म्हटल्यावर त्याने दोन दिवस मागितले.

आता कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो की इंजेक्टर, पंप, टर्बो, अल्टरनेटर, सेल्फ काढून घरीच ठेवा, मिस्त्री कितीही म्हणाला तरी. जे द्याल त्यावर दिसणार नाही अशा जागी पंचची टिकली मारा: हेडवर आणि क्रँकच्या पुढच्या तोंडावर. रॉडच्या कॅपवर मात्र नको, तिथे मिस्त्रीच्या स्वतःच्या खुणा असतात. काय काय दिलं त्याची यादी दोघांच्या सहीने. "क्रँक गेला" असं कळवलं तर मायक्रोमीटरचा आकडा मागा आणि तुमची टिकली दिसेल असा फोटो. जुने पार्ट परत मागायचे हे आधीच ठरवा. आणि शेवटचा हप्ता इंजिन गाडीत चालल्यावर. मी तो ब्लॉकवरचा नंबर बघून दिला होता.

दोन दिवसांनी त्याने एका डब्यात चार इंजेक्टर आणून दिले. "चुकून अदलाबदल झाली." ग्राइंडिंगचे पैसे आले नाहीत, बेअरिंगचेही नाहीत. इंजिन पुन्हा उतरवावं लागलं, या वेळी चार तास लागले. डब्यातले इंजेक्टर पुसून आम्ही कोड ताडले. तीन आमचे निघाले. चौथा वेगळाच होता. आमचा चौथा कुठल्या तरी गाडीत फिरत असेल. त्याचा कोड पुतण्याच्या फोनमध्ये अजून आहे.