फौजी कोट्यातलं क्रूझचं तिकीट : आठ महिन्यांचा अनुभव, हिशोबासकट

आधीच सांगतो, मी काय फिरण्यातला एक्सपर्ट वगैरे नाही. 1996 ला भरती, सिग्नल्समधून (फौजेचं संदेशवहनाचं दल) 2020 ला हवालदार म्हणून पेन्शन, आता सोलापुरात घर. गल्लीत सगळे मेजर म्हणतात, आपल्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, रँक कोण विचारतंय. तर दिवाळीनंतर एका ट्रॅव्हल एजंटचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, तिरंगा, सॅल्यूटचं चित्र आणि खाली 'देशाच्या वीरांसाठी क्रूझवर खास सवलत'. तेव्हापासून आजपर्यंत ह्या सवलतीवर दोन क्रूझ झाल्या, एक विमानाचं तिकीट झालं आणि एकदा पैसे अडकले. बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहितो, लांब झालंय, चहा घेऊन बसा.

पहिली क्रूझ मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्रीची, मी आणि मिसेस. एजंट म्हणाला फौजीला 10 टक्के सूट. आपण काय, फौजी म्हणलं की छाती फुगते, लगेच हो म्हणून टाकलं. आता हिशोब बघा, कारण सगळी गंमत त्यात आहे. आतली केबिन, म्हणजे खिडकी नसलेली, दोघांचं मूळ भाडं 38,000. त्यावर 10 टक्के म्हणजे 3,800 गेले, राहिले 34,200. मी खुश. मग पोर्ट चार्ज, सर्व्हिस चार्ज आणि जीएसटी लागला 13,400, एकूण झाले 47,600. सूट फक्त मूळ भाड्यावर असते, बंदराच्या पैशाला तुमच्या सर्व्हिसचं काही कौतुक नाही. सूट नसती तर साधारण 52,000 गेले असते, म्हणजे हातात आलेली सूट दहा नाही, साडेआठ टक्के. चालतंय, तेवढं तर तेवढं.

पण खरा दणका पुढं बसला. पैसे भरून पंधरा दिवस झाले नाहीत तर त्याच जहाजावर, त्याच तारखेला, सगळ्या पब्लिकसाठी ऑफर निघाली की दुसऱ्या प्रवाशाला मूळ भाडं अर्धं. मी वहीत मांडून बघितलं, दोघांचं मूळ भाडं 28,500 आणि वरचं सगळं धरून 40,900. म्हणजे ज्यानं आयुष्यात कधी बूट पॉलिश केला नाही त्याला माझ्यापेक्षा 6,700 रुपये स्वस्त! एजंटला फोन केला तर म्हणतो, सर फौजी फेअर, म्हणजे फौजीचं भाडं, वेगळी, ती बदलता येत नाही, रद्द केली तर रिफंड नाही, दोन ऑफर एकत्र लागत नाहीत. मी म्हणलं हे तू आधी का नाही सांगितलास, तर म्हणतो सर नियमांच्या पीडीएफमध्ये आहे. ती पीडीएफ त्यानं पैसे भरल्यावर पाठवली होती, हे सांगायचं राहिलंच. मिसेस ऐकत होत्या, म्हणाल्या, "अहो, मला एसटीत अर्धं तिकीट आहे, कोण कार्ड बघत नाही का काय नाही, तुमच्या त्या सवलतीपेक्षा माझी बरी." 2023 पासून बायकांना एसटीत पन्नास टक्के आहेच, बोलायला जागाच ठेवली नाही.

कागदाचं थोडं नीट सांगतो कारण तिथंच जास्त लोक गडबडतात. चालतं ते माजी सैनिक ओळखपत्र, जे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मिळतं. फौजी कँटीनचं स्मार्ट कार्ड आपण सगळीकडं दाखवत फिरतो, पण ते सामान घ्यायचं कार्ड आहे, ओळखपत्र नाही, मला क्रूझवाल्यांनी ते मान्य केलं नाही. एजंटनं तर माझ्याकडं पूर्ण डिस्चार्ज बुकाचे (फौज सोडताना मिळणारं, सर्व्हिसच्या नोंदीचं पुस्तक) फोटो मागितले, व्हॉट्सॲपवर. अरे बाबा त्यात माझा नंबर, घरच्यांची नावं, सगळी कुंडली आहे, ती तुझ्या मोबाईलमध्ये कशाला? मी फक्त ओळखपत्राचा पुढच्या बाजूचा फोटो दिला, त्यावर पेननं आडवं लिहून की 'फक्त क्रूझ बुकिंगसाठी' आणि खाली तारीख. त्यानं कुरकुर केली पण बुकिंग झालं. तुम्हीपण असंच करा, पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, तर अजिबात पाठवू नका, दुसऱ्या फौजीचे कागद दाखवून घरभाड्याच्या आणि जुन्या गाड्यांच्या नावानं किती लोकांना गंडवलंय ते सगळ्यांना माहीत आहे.

प्रवासाचं सांगतो. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस, पूर्ण तिकीट, रेल्वेत माजी सैनिकाला सरसकट सवलत नसते, हे पोरांना खोटं वाटतं. सीएसएमटीला उतरलो, जहाज लागतं ते बॅलार्ड पिअर तिथून एवढं जवळ आहे की टॅक्सीवाला यायला तयार नव्हता. चेक-इनला ओरिजिनल कार्ड बघतात, झेरॉक्स आणि मोबाईलमधला फोटो चालत नाही, माझ्या पुढं नागपूरकडचे एक साहेब होते, त्यांचं कार्ड घरी राहिलं होतं, त्यांना फरकाचे पैसे तिथंच भरायला लावले. गेटवर सीआयएसएफचा जवान होता, त्यानं कार्ड हातात घेतलं, फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं (फोटोत केस आहेत), मग सरळ उभा राहिला आणि "राम राम साब, कौन सी यूनिट?" खरं सांगू का, 3,800 रुपयांत तेवढंच वसूल झालं.

मग स्कॅनरमध्ये बॅग अडकली. मिसेसनी शेंगा चटणी घेतली होती, अर्धा किलो, घरची, डब्यात भरून, आणि वर चार कडक भाकऱ्या फडक्यात बांधून. स्कॅनरवाली पोरगी विचारते ये पावडर क्या है. मी म्हणलं मूंगफली. ती म्हणाली इतनी लाल? शेवटी झाकण काढून वास दिला तेव्हा ठसका लागून तिनंच बंद केलं. बाहेरचं खाणं नेता येत नाही असा नियम आहे, डबा जमा करून घेतला आणि उतरताना टोकन दाखवून परत मिळाला. दारूचं तर नावच काढू नका, कँटीनची बाटली बॅगेत टाकून कोण जाणार असेल तर ती गेलीच समजा.

जहाजावरचं जास्त लिहीत नाही, ते सगळीकडं मिळतं वाचायला. जेवण धरलेलं असतं, पण दारू, इंटरनेट, स्पा, बाहेरची सहल हे सगळं वेगळं आणि महाग, आणि त्यातल्या कशावरच फौजी सूट लागत नाही. पाण्याच्या बाटलीवर मी भांडलो नाही एवढंच. आतल्या केबिनमध्ये दिवा बंद केला की दिवस का रात्र कळत नाही, बंकरमध्ये झोपलेल्या माणसाला काय फरक पडत नाही, मिसेसना पडला. जहाज सुटायच्या आधी मस्टर ड्रिल असतं, लाईफ जॅकेट, कुठल्या जागी जमायचं वगैरे, आपल्या भाषेत फॉल-इन. पब्लिक निम्मं सेल्फीत. इटलीत 2012 च्या जानेवारीत कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकाला घासून कलंडली, 32 माणसं गेली, त्या जहाजावर काही प्रवाशांचं हे ड्रिल व्हायचंच राहिलं होतं, त्याच्यानंतर सुटायच्या आधी करायचा नियम कडक झाला. मी आपला पहिल्या रांगेत.

गोव्याला जहाज मुरगाव बंदरात लागतं. माझं ट्रेनिंग गोव्यातच झालेलं, बांबोळीला, तेव्हा समुद्र म्हणजे पीटी करताना लांब दिसणारी निळी पट्टी. लोक बीचवर गेले, आम्ही टॅक्सी करून झुआरीच्या नव्या पुलावरून बांबोळीला. ट्रेनिंग सेंटरच्या आत सोडत नाहीत ते माहीत होतंच. गेटच्या समोर रस्त्याच्या पलीकडं दहा मिनिटं उभा राहिलो, आतून रिक्रूटांचा पळत जायचा आवाज येत होता, बुटांचा, एका तालात. मिसेस म्हणाल्या फोटो काढू का, मी म्हणलं नको, कँटोन्मेंटच्या गेटचा फोटो काढत नसतात. मग टॅक्सीवाल्यानं घड्याळ दाखवलं, जहाजाची वेळ चुकली तर ते थांबत नाही, आपल्याला स्वतःच्या खर्चानं मुंबई गाठायची.

आता दुसरी क्रूझ, मार्चमधली, साडूसाठी. साडू आर्टिलरीचा (तोफखान्याचा), नायक म्हणून आला, त्याच्याकडं ओळखपत्रच काढलेलं नव्हतं, बारा वर्षं नुसत्या कँटीन कार्डावर चाललंय. "काय करलालाव ओ मेजर, माझं बी बघा की" म्हणून मागं लागला. आधी त्याला सैनिक कल्याणला पाठवला, कार्ड काढलं. मग ह्या वेळी एजंट नाही, सरळ कंपनीच्या कॉल सेंटरला मी फोन लावला आणि चार गोष्टी विचारल्या. फौजी फेअर आणि आजची सर्वात स्वस्त साधी ऑफर, दोन्हीचं सगळं टॅक्स धरून एकूण किती? रद्द केलं तर दोन्हीत काय फरक? नंतर भाडं उतरलं तर बदलून मिळेल का? आणि सूट केबिनमधल्या सगळ्यांना का फक्त फौजीला? तिसऱ्या प्रश्नाला पोरीनं दोन मिनिटं होल्डवर ठेवलं. उत्तर असं आलं की बदलून मिळणार नाही, सूट एकाच केबिनमधल्या घरच्यांना, सासूबाईंची वेगळी केबिन असेल तर त्यांना नाही. त्या दिवशी साध्या ऑफरपेक्षा फौजी फेअर 2,000 नं स्वस्त निघाली म्हणून ती घेतली, नाहीतर साधी घेतली असती आणि साडूला सांगितलंही नसतं. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांच्या तारखांना फौजी फेअर बंदच असते हेपण तेव्हाच कळलं. रिकाम्या केबिन भरायच्या असतात तेव्हाच कंपनीला जवानांचा उमाळा येतो, दुकानदारी आहे, चूक म्हणणार नाही.

मधल्या काळात भाच्याचं प्रकरण झालं. भाचा अमेरिकेत आहे, त्यानं लिंकांचा पाऊस पाडला, मामा तुम्ही व्हेटरन ना, इथं बघा केवढी सवलत. बघितलं. नॉर्वेजियन, कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन, प्रिन्सेस, ह्या सगळ्या क्रूझ कंपन्यांच्या मिलिटरी स्कीम आहेत. प्रिन्सेसच्या स्कीममध्ये भाड्यात सूट मिळण्याऐवजी जहाजावर खर्चायला क्रेडिट मिळतं, म्हणजे पैसे परत त्यांच्याच गल्ल्यात. पण ह्या स्कीम मुख्यतः अमेरिका आणि कॅनडाच्या फौजेसाठी. माजी सैनिकाकडं तिथं डीडी-214 नावाचा कागद असतो, आपलं डिस्चार्ज बुक जसं. नॉर्वेजियनवाले तर आयडी डॉट मी नावाच्या वेबसाइटवरून ऑनलाईन पडताळणी करतात. मी हौसेनं फॉर्म उघडून बघितला, सर्व्हिस निवडायच्या खान्यात आर्मी, नेव्ही, मरीन, कोस्ट गार्ड, स्पेस फोर्ससुद्धा आहे. इंडियन आर्मी नाही. अंतराळात लढणाऱ्याला सूट आहे, सियाचीनवाल्याला नाही, असं भाच्याला म्हणलं तर तो हसत बसला. तिथं तर अमेरिकन फोर्सेस ट्रॅव्हल नावाची त्यांच्या संरक्षण खात्याची वेगळी बुकिंगची साइटच आहे, क्रूझपण मिळते, 2019 पासून. आपल्याकडं कँटीनमधून फ्रिज मिळतो, टीव्ही मिळतो, गाडी मिळते. क्रूझ मिळायला लागली तर हे एजंट लोक झोपणार नाहीत.

विमानाचं एका ओळीत सांगतो, तिकीट काढतानाच आर्म्ड फोर्सेसचा पर्याय निवडावा लागतो, नंतर जोडता येत नाही, आणि तिथंपण साध्या सेलमधलं तिकीट बऱ्याचदा स्वस्त पडतं, दोन्ही टॅब उघडून बघायचे.

मार्क द्यायचे तर सवलतीला पाचपैकी अडीच, गोव्याच्या क्रूझला चार, एजंटला देत नाही. अडकलेले 6,700 परत मिळाले का असं विचारणार असाल तर नाही. ईमेल तीन केले, शेवटच्याचं उत्तर आलं की तुमच्या सेवेबद्दल आम्हाला अभिमान आहे.

परवा सकाळी त्याच एजंटचा परत मेसेज, परत तिरंगा, परत सॅल्यूट, 'लक्षद्वीप स्पेशल, फक्त वीरांसाठी, 15 टक्के'. मी लिहिलं, सगळं धरून दोघांचे किती आणि पब्लिकला किती? दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून आलेलं नाही.