इन-पोझिशन की मोशन कम्प्लीट: एकच आऊटपुट उरला असेल तर

मोटरवरचा अक्ष ठरल्या जागी नेणाऱ्या पोझिशनिंग कंट्रोलरचे आऊटपुट, म्हणजे पीएलसीला (मशीनचा क्रम चालवणाऱ्या कंट्रोलरला) जाणारे सिग्नल, वाटायला बसलं की अलार्म, रेडी, होमिंग (शून्याची जागा शोधणं) झालं असं करत शेवटी एकच उरतो. त्यावर इन-पोझिशन लावायचा की मोशन कम्प्लीट? मी आधी पहिला लावला होता. आता दुसरा आहे.

इन-पोझिशनला एवढंच कळतं, की अक्ष आत्ता टार्गेटच्या विंडोत, म्हणजे टार्गेटच्या आजूबाजूच्या ठरवलेल्या अंतरात, आहे की नाही. तिथे तो कोणत्या कमांडने आला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मोशन कम्प्लीट कमांडला बांधलेला असतो: स्टार्ट स्वीकारला की पडतो, म्हणजे ऑफ होतो, ती हालचाल पुरी झाली की परत येतो.

कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. मलाही वाटला होता. आमच्या एका स्टेशनवर अक्ष लांब स्ट्रोकने पार्टपाशी यायचा, मग ०.३ मिमी पुढे सरकायचा आणि ग्रिपर बंद व्हायचा. लांब स्ट्रोकनंतर ताटकळत बसायला नको म्हणून विंडो ०.५ मिमी ठेवली होती. ग्रिपर मिटायला वेळ घेतो, त्यामुळे बहुतेक वेळा निभावून जायचं. अधूनमधून मात्र पार्टवर ओरखडा. आम्ही ग्रिपरचे जबडे बदलले, हवेचा दाब तपासला. शेवटी एकदा पीएलसीच्या इनपुट कार्डासमोर उकिडवा बसलो आणि इन-पोझिशनच्या दिव्याकडे बघत राहिलो. अक्ष सरकला, दिवा हललाही नाही. विंडोच स्ट्रोकपेक्षा मोठी, मग सिग्नल पडणार कशाला? पीएलसीच्या लेखी हालचाल सुरू व्हायच्या आधीच संपलेली.

विंडो ०.०५ केली. लहान स्ट्रोक सुधारला, पण लांब स्ट्रोकच्या शेवटी ओव्हरशूटमुळे (अक्ष टार्गेटच्या पुढे जाऊन परत येतो) दिवा फडफडायला लागला. त्यावर लॅडरमध्ये, म्हणजे पीएलसीच्या प्रोग्राममध्ये, टायमर. स्टार्ट दिल्यावर पुढच्याच स्कॅनला (प्रोग्रामच्या फेरीला) जुना ऑन वाचला जायचा, त्यावर आणखी एक टायमर. सहा महिन्यांनी ते लॅडर उघडलं, तर कोणता टायमर कशासाठी घातलाय हे माझं मलाच आठवेना.

मोशन कम्प्लीट लावल्यावर दोन्ही टायमर गेले. स्टार्ट द्या, सिग्नल पडेपर्यंत थांबा, स्टार्ट काढा, सिग्नल यायची वाट बघा, स्ट्रोक ०.३ चा असो की ३०० चा, क्रम तोच. काही कंट्रोलर स्टार्ट काढल्याशिवाय सिग्नल परत देत नाहीत. पहिल्या दिवशी याचा वैताग येतो, नंतर तेच बरं वाटतं. हालचाल मध्येच थांबवली तर सिग्नल काय करतो, हे मात्र मेकनुसार बदलतं. मॅन्युअलमधला टायमिंग चार्ट बघितल्याशिवाय वायर ओढू नका.

इन-पोझिशन वाईट आहे असं मी म्हणणार नाही. जागेवर पोचलेल्या अक्षाला कोणी ढकललं आणि तो विंडोबाहेर गेला, तर हा लगेच पडतो. मोशन कम्प्लीट बऱ्याच ठिकाणी खुशाल ऑन राहतो. पल्स ट्रेनवर, म्हणजे एकेका पल्सने थोडं थोडं सरकवत, चालणाऱ्या ड्राइव्हवर मात्र जरा जपून. तिथे इन-पोझिशन बहुधा डिव्हिएशन काउंटरवरून (सांगितलेली जागा आणि अक्षाची खरी जागा यांतला फरक मोजणारा) ठरतो, आणि वेग कमी असला की फरक इतका थोडा राहतो की अक्ष चालत असतानाही सिग्नल ऑन दिसू शकतो.

एकेका वायरऐवजी फील्डबस, म्हणजे ड्राइव्ह आणि पीएलसीमधलं नेटवर्क, असेल तर हा वाद फारसा उरत नाही. सीआयए ४०२ या ड्राइव्हसाठीच्या मानकाच्या प्रोफाइल पोझिशन मोडमध्ये स्टेटस वर्डचा (ड्राइव्हची स्थिती सांगणाऱ्या बिटांच्या गटाचा) बिट १२ नवा सेट-पॉइंट घेतल्याची पोच देतो, बिट १० टार्गेट गाठल्याचं सांगतो. विंडो ६०६७ क्रमांकाच्या पॅरामीटरमध्ये, आणि त्या विंडोत किती वेळ टिकायला हवं ते ६०६८ मध्ये. फडफडीचा बंदोबस्त ड्राइव्हमध्येच होतो.

आमच्या प्रेसिंगच्या अक्षावर मी अजूनही इन-पोझिशनच ठेवलाय. तिथे अक्षाने दाब खाऊन मागे सरकणं हीच भीती आहे, आणि विंडोपेक्षा लहान स्ट्रोक एकही नाही.