लोर्काच्या नाटकासाठी नेपथ्य भाड्याने घेताना: जळगावातली एक सेवा

स्पॅनिश नाटककार लोर्काचं ‘बोदास दे सांग्रे’ (‘रक्तविवाह’, १९३३) मराठीत करणाऱ्या हौशी संघांनी जळगावातल्या या सेवेकडून दिवे आणि फ्लॅट (चौकटीवर कापड ताणून केलेल्या मंचावरच्या भिंती) जरूर घ्यावेत, ‘ग्रीक सेट’ मात्र घेऊ नये. त्यात थर्माकोलचे खांब, सोनेरी मुकुट आणि भली मोठी कात्री येते. नाटक स्पेनमधल्या खेड्यात घडतं. त्यातलं ग्रीस आहे एका लाल लडीत.

शेवटच्या प्रवेशात गडद निळ्या कपड्यांतल्या दोन मुली लाल लड गुंडाळत बसलेल्या असतात. ग्रीक पुराणात क्लोथो आयुष्याचा धागा कातते, लाखेसिस मापते, आत्रोपोस तोडते. त्या तिघींची सावली या मुलींवर आहे. आपली सटवाई एकदाच कपाळावर लिहून मोकळी होते, यांचा धागा मरेपर्यंत चालू. पण तोडणं तर आधीच रानात सुरीने होऊन गेलंय: नवरदेव आणि नवरीला पळवणारा प्रियकर तिथे एकमेकांना मारतात. मग मंचावर कात्री कशाला?

सेवेची लड नायलॉनची आहे. ती दिव्यात चमकते आणि हातातून निसटते. चार पदरी लोकर आणा, मॅट लाल. लडीला चार ठिकाणी सैल दोरा बांधून ठेवा आणि तो प्रवेशाआधी विंगेतच काढा. नाहीतर गुंता होतो, मुली संवाद सोडून गाठी सोडवत बसतात.

या प्रवेशातली खोली लोर्काला पांढरीशुभ्र हवी आहे: करडा रंग नाही, सावलीही नाही. इथल्या फ्लॅटचं मांजरपाट पिवळट आहे, म्हणून पांढरा हात मारूनच मागा. कापड ढिलं असेल तर प्रत्येक सुरकुतीची सावली पडते. नट फ्लॅटपासून पाच-सहा फूट पुढे ठेवा आणि फ्लॅटवर वरून वेगळा प्रकाश टाका. ‘एलईडी पार’ जातीचे रंगीत दिवे चांगले आहेत, ऑपरेटरही जाणता; फक्त रंग हळूहळू बदलायची त्याला हौस. रानातला चांदण्याचा निळा पुढच्या प्रवेशात रेंगाळला तर लाल लोकर काळी दिसते. मधे पूर्ण अंधार करायला सांगा.

त्यांच्याकडे जुना हातमागही आहे. स्पॅनिश नाटककार बुएरो वाय्येखोच्या १९५२च्या नाटकातली पेनेलोपी, म्हणजे ग्रीक वीर ओडिसियसची बायको, दिवसा विणते, रात्री उकलते. तिच्यासाठी तो चालेल. मात्र मागाची फणी आणि पायाने दाबायच्या पावड्या आहेत का, ते गोदामातच पाहून घ्या.