सिबिलमधली चूक: ब्युरोला कळवायचं, शाखेत जायचं की एजंट गाठायचा?

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की गोव्यात, फोंड्यातल्या गाड्यांच्या शोरूमबरोबर आमच्या ऑफिसातही वर्दळ वाढते. मी एका सीएकडे रिटर्न भरायचं काम करते. कर्जाशी आमचा तसा काही संबंध नाही. पण शोरूममध्ये कर्ज नाकारलं गेलेला माणूस नकाराचा मेसेज घेऊन आमच्याकडेच येतो आणि विचारतो, “ताई, सिबिल खराब आहे म्हणे. कुणाला किती द्यावे लागतील?” मला खटकतो तो हा दुसरा प्रश्न. कुणालाच काही द्यायचं नसतं. रिपोर्ट फुकट, तक्रार फुकट, रिझर्व्ह बँकेचा लोकपालही फुकट. आधी कुठे जायचं एवढंच ठरवायचं असतं, आणि चूक कसली आहे ते कळल्याशिवाय ते ठरत नाही.

रिपोर्ट: अ‍ॅपवरचा की कंपनीचा?

आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, पण आपल्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या, म्हणजेच ब्युरो, चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण रिपोर्ट, स्कोअरसकट, फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट.

मोबाइलवरच्या पेमेंट अ‍ॅपात स्कोअर मिनिटभरात दिसतो, हे खरं. पण तो चारांपैकी कुणाचा, हे बारीक अक्षरांत असतं, खात्यांचा तपशील बऱ्याचदा तुटपुंजा असतो, आणि संमतीच्या चौकटीत टिक केली की दुसऱ्या दिवसापासून ‘प्री-अप्रूव्ह्ड’ कर्जाचे फोन सुरू होतात. सहज नजर टाकायला अ‍ॅप चालेल. दुरुस्ती करायची असेल तर मात्र कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच रिपोर्ट काढा. त्यावरचा कंट्रोल नंबर, म्हणजे त्या रिपोर्टचा क्रमांक, तक्रारीला लागतो, आणि कुठलं खातं, कुठल्या महिन्यात किती दिवस थकलं, हे तिथेच नीट वाचता येतं. वाटेत वर्गणीच्या योजना पुढे येतात, त्या ओलांडून फुकटच्या रिपोर्टपर्यंत पोचायचं. आपला रिपोर्ट आपणच बघितल्याने स्कोअर घसरतो ही भीती मात्र सोडून द्या. कर्ज मागितल्यावर बँक बघते ती चौकशी वेगळी.

चारही एकदम काढायचे का? वेळ असेल तर काढा. घाई असेल आणि बँकेकडून गृहकर्ज हवं असेल तर आधी सिबिल. बचत गटातल्या किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलेल्या बायकांनी आधी क्रिफ हाय मार्कचा बघावा, त्या क्षेत्रातल्या कर्जदात्यांचा भर तिच्यावर असतो. आणि गावच्या पतसंस्थेचं कर्ज वेळेत फेडलं म्हणून स्कोअर वाढेल अशी आशा धरू नका. पतसंस्थांची माहिती सहसा या कंपन्यांकडे जातच नाही.

चूक आहे, की नकोसं सत्य?

तक्रार करण्याआधी हा फरक बघावा लागतो. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोली, सांगे, धारबांदोड्याकडच्या किती ट्रकवाल्यांचे हप्ते थकले हे गोव्यात कुणाला सांगायला नको. पुढे त्यातल्या काहींनी बँकेशी तडजोड करून कमी रकमेत कर्ज मिटवलं. अशा खात्यापुढे ‘क्लोज्ड’ नाही, ‘सेटल्ड’ असं लागतं. माणसाला वाटतं, पैसे भरले, कागद मिळाला, मग हे काय? पण ती नोंद खरी आहे. ब्युरोकडे दहादा तक्रार केली तरी बँक ‘माहिती बरोबर आहे’ असंच कळवणार. इथे एकच वाट: राहिलेली रक्कम भरायची तयारी दाखवून बँकेकडून ‘क्लोज्ड’ करून घेणं. ते परवडत नसेल तर थांबणं. माहिती किमान सात वर्षं ठेवणं या कंपन्यांवर बंधनकारक आहे, त्यामुळे २०१९–२० मध्ये मिटवलेलं कर्जही अजून समोर येऊ शकतं. हे ज्याला समजलं नाही, तोच एजंटच्या हाती सापडतो.

ब्युरो की शाखा?

ब्युरोची तक्रार घरबसल्या होते, रात्री अकरालाही. चुकीचं खातं निवडायचं, कारण टाकायचं, तक्रार क्रमांक जपून ठेवायचा. पण ब्युरो स्वतःच्या मर्जीने कर्जाचा आकडा बदलू शकत नाही. ती तक्रार बँकेकडे पाठवते आणि बँक हो म्हणाली तरच बदलते. टपाल खात्यासारखं ते काम.

माझ्याच बाबतीत हे घडलं. स्कूटरचं कर्ज फिटलं, एनओसी, म्हणजे काही बाकी नसल्याचा बँकेचा दाखला, मिळाली, आरटीओत आरसी बुकावरचा बोजाही उतरवला. दोन वर्षांनी रिपोर्ट काढला तर खातं चालू आणि ५९० रुपये थकीत! ब्युरोकडे ऑनलाइन तक्रार केली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की बँकेने सध्याचीच माहिती कायम ठेवली आहे. मग एनओसीची प्रत, खातेउतारा आणि रिपोर्टचं ते पान घेऊन शाखेत गेले. खिडकीवरचा म्हणाला, “हे हेड ऑफिसातून होतं, मॅडम.” होत असेल, म्हटलं, पण अर्ज तुम्ही घ्या आणि माझ्या प्रतीवर आवक शिक्का मारून द्या. शिक्का मिळाला. ते ५९० म्हणजे कधीच्या काळी परत गेलेल्या एका हप्त्याचा ५०० रुपये दंड आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, एनओसी दिल्यानंतर खात्यावर चढवलेला. दोन आठवड्यांत नोंद गेली.

म्हणून माझं मत: कर्जाची रक्कम, हप्ता, थकबाकी, बंद खातं चालू दिसणं, यातलं काहीही असेल तर शाखा आधी. सगळ्या बँकांना चारही कंपन्यांचं सभासद असावं लागतं आणि माहिती चौघींकडे जाते, त्यामुळे बँकेच्या नोंदीत सुधारलं की चारी ठिकाणी पोचतं. ब्युरोमार्गे गेलात तर प्रत्येकीकडे वेगळं जाणं आलं. तरीही ब्युरोची तक्रार त्याच दिवशी टाकून ठेवावी. का, ते पुढे येईलच.

शाखाच उरली नसेल तर? म्हापसा अर्बनचा परवाना २०२० मध्ये रद्द झाला, मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये. अशा बँकेच्या जुन्या कर्जाच्या दाखल्यासाठी पत्र लिक्विडेटरच्या, म्हणजे बंद बँकेचे व्यवहार मिटवायला नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, नावे जातं.

ओळखीच्या घोळात मात्र ब्युरो आधी. आणि हा घोळ गोव्यात जरा जास्तच. जुन्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, पॅनवर इंग्रजी वळणाचं, आधारवर तिसरंच. कामतांचा ‘के’ कुठे ‘सी’ होतो, देसाईंना कुठे एक ‘एस’ तर कुठे दोन, नाईकांच्या शेवटी कधी ‘के’ तर कधी ‘क्यूयूई’. वर गावात त्याच नावाचे चार नाईक. मग दुसऱ्याचं कर्ज आपल्या रिपोर्टात येऊन बसतं. अशा वेळी पॅन आणि जन्मतारीख जुळतात का ते आधी बघा. न जुळणारं खातं ‘माझं नाही’ म्हणून ब्युरोला कळवा. पॅन जुळत असेल आणि कर्ज तुम्ही घेतलेलंच नसेल, तर प्रकरण फसवणुकीचं आहे. मग १९३० वर सायबर तक्रार, बँकेला लेखी पत्र आणि ब्युरो, तिन्ही लगेच.

आणखी एक गोव्यातलं. इथल्या नागरी कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक असते, आणि स्थावर मालमत्ता एकट्याने विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. त्यामुळे गृहकर्जाच्या कागदांवर दोघांच्या सह्या येतात. पुष्कळ बायका येऊन सांगतात, “कर्ज ह्यांचं, माझ्या रिपोर्टात कसं?” सही नुसत्या संमतीची होती की सहकर्जदाराची, हे कर्जाच्या करारात बघा. सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही असेल तर ती नोंद चूक नव्हे, आणि नवऱ्याचा चुकलेला हप्ता बायकोलाही लागतो. केवळ संमतीची सही असून कर्जदार म्हणून नाव लागलं असेल, तर करार घेऊन सरळ शाखेत जा. यात ब्युरोला काही कळणार नाही.

एजंट

याच्याबद्दल फार लिहायची गरज नाही. तो जी ऑनलाइन तक्रार करतो तीच तुम्ही करू शकता. त्याच्याकडे वेगळी किल्ली नाही. उलट पॅन, आधार आणि ओटीपी त्याच्या हातात जातात. कागद लिहायला मदत हवी असेल तर शेजारच्या शिकलेल्या पोराला बसवा, चहापाव पुरतो.

लोकपाल कधी?

आता त्याच दिवशी तक्रार टाकण्याचं कारण. एप्रिल २०२४ पासून नियम असा: तक्रार दिल्यापासून तीस दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. त्यात बँकेला एकवीस दिवस. तिने उशीर केला तर पैसे तिने द्यायचे, तिने वेळेत कळवूनही ब्युरो रेंगाळली तर ब्युरोने. दिवस मोजले जातात पहिल्या तक्रारीपासून, म्हणून तारखेचा पुरावा हवा, शिक्का किंवा क्रमांक. तोंडी सांगितलेल्याला तारीख नसते. तक्रार फेटाळली तर कारण कळवणंही बंधनकारक आहे.

तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा आलेलं पटत नाही, तेव्हाच रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. २०२२ पासून या चार कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. अर्ज ऑनलाइन होतो. कागदी अर्ज चंदीगडच्या केंद्राकडे कोणत्याही भाषेत चालतो, म्हणजे मराठीतही. मात्र ही वाट सावकाश चालते, शोरूममध्ये गाडी ठरवून आलेल्याला तिचा उपयोग नाही.

ज्यांचा कर्जाचा अर्ज आधीच बँकेत पडून आहे, त्यांनी एक लक्षात घ्या. तक्रार टाकली की त्या नोंदीपुढे ‘वादात’ असा शेरा लागतो आणि काही बँका तो निघेपर्यंत फाइल पुढे सरकवत नाहीत. मंजुरी आठवडाभरावर असेल तर आधी कर्ज अधिकाऱ्याला एनओसी दाखवून बोला. महिनाभर हाताशी असेल तर बेलाशक तक्रार करा. दुरुस्ती मान्य झाल्यावरही रोज स्कोअर उघडून बसू नका. बँका माहिती ठरावीक तारखांनाच पाठवतात, त्यामुळे बदल दिसायला थोडा वेळ जातो.

माझ्या मामेभावाची तक्रार सत्तेचाळिसाव्या दिवशी सुटली. सतरा दिवसांचे १,७०० रुपये पाच कामाच्या दिवसांत जमा व्हायला हवे होते, पण पठ्ठ्याने तक्रारीत खातं क्रमांकच लिहिला नव्हता. मग वेगळा मेल करावा लागला. पैसे आले ते माटोळीच्या (चवथीला गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या सजावटीच्या) बाजाराच्या दिवशी, आणि तिथेच संपले.